खांब तलाव ते कोका, दोन चाकांवर

पावसाळा ओसरून धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागल्या आणि पहाटेच्या हवेत गारवा आला, की भंडारा शहरात खांब तलावाच्या काठी पायी फिरणाऱ्यांच्या जोडीला सायकलीही दिसू लागतात. काहींची फेरी तलावापाशीच संपते. काही मात्र वैनगंगेचा पूल ओलांडून कारधा गाठतात, महामार्ग सोडतात आणि कोका जंगलाची वाट धरतात. शहरापासून कोका साधारण वीस किलोमीटर. आधी नदीकाठची सपाट शेती, मग एखादी बोडी, एखाद्या मामा तलावाची पाळ आणि त्यानंतर साग, ऐन, मोह आणि तेंदूच्या रानातून जाणारा चढ-उतारांचा रस्ता. जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात. महाबळेश्वरच्या घाटाशी या टेकड्यांची तुलना होणार नाही. पण आठवडाभर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हृदयाला, फुफ्फुसांना आणि मांड्यांना त्या पुरेशा आहेत.

असा व्यायाम आता हौसेचा विषय राहिलेला नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये 2024 साली आलेल्या जागतिक पाहणीनुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के, तर स्त्रियांत तब्बल 57 टक्के. त्याच्या आदल्या वर्षी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासाने देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आणि 13 कोटींहून अधिक मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचे सांगितले. एकेकाळी हा शहरी श्रीमंतांचा आजार समजला जाई. रोवणीला ट्रॅक्टर, शेतावर जायला दुचाकी आणि दळणाला दाराशी चक्की आल्यावर तो तालुक्याच्या गावांतही पोहोचला.

सायकल येथे नेमके काय करते? एरवी रक्तातील साखर स्नायूत शिरायची तर इन्शुलिनने दार उघडावे लागते. मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारात हे दार गंजलेले असते. इन्शुलिन असते, पण पेशी त्याला दाद देत नाही. स्नायू जोराने आकुंचन पावू लागला, की साखर आत नेणारी 'ग्लूट-4' नावाची प्रथिने इन्शुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. मांड्यांचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी. दोन-अडीच तास पायडल मारताना ते रक्तातील साखर भराभर ओढून घेतात आणि त्यानंतरही एक ते दोन दिवस इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच मधुमेहींनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पाडू नये, असे सांगितले जाते. रविवारची लांब फेरी मारून पुढच्या रविवारपर्यंत सायकल भिंतीला टेकवून ठेवली, तर बुधवारपर्यंत साखरेच्या बाबतीतला लाभ ओसरलेला असतो.

हृदयाच्या बाबतीत मात्र रविवारच्या सायकलस्वाराला दिलासा आहे. ब्रिटनमधील सुमारे 90 हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून झालेला अभ्यास 2023 साली 'जामा' या नियतकालिकात आला. आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांना आणि तो रोज थोडा थोडा करणाऱ्यांना हृदयविकाराच्या बाबतीत जवळपास सारखाच फायदा दिसला. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोराच्या व्यायामाची आहे. ताशी सोळा-सतरा किलोमीटर वेगाने सायकल चालवणे जोराच्या व्यायामात मोडते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या जवळपास सातपट ऊर्जा त्यात लागते. म्हणजे कोक्याची एक फेरी आठवड्याचा कोटा भरून काढते. 65 किलो वजनाच्या माणसाच्या तेवढ्या वेळात अकराशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. परतल्यावर तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटा, वर समोसा आणि साखरेचा चहा घेणाऱ्यांना वजन का उतरत नाही याचा शोध लांब जाऊन घ्यावा लागणार नाही.

सायकलचा दुसरा गुण गुडघ्यांच्या बाबतीत. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार सांध्यांवर आदळतो. सायकलवर वजन सीट पेलते. चाळिशी-पन्नाशी पार केलेल्यांना, वजन जास्त असलेल्यांना हा मोठा फायदा. मात्र सीट योग्य उंचीवर हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे आणि गुडघेदुखीचे खापर मग सायकलवर फुटते. याच गुणाची दुसरी बाजू अशी, की सायकलने हाडांवर भार येत नाही, म्हणून हाडे मजबूतही होत नाहीत. त्यासाठी चालणे, जिना चढणे, वजन उचलणे वेगळे करावेच लागते.

जंगलाच्या हवेबद्दल एक गैरसमज जाता जाता दूर करायला हवा. 'रानात ऑक्सिजन जास्त असतो' हे वाक्य सहलीच्या प्रत्येक जाहिरातीत सापडते. हवेतील ऑक्सिजन महामार्गावर आणि कोका जंगलात सारखाच, म्हणजे 21 टक्क्यांच्या जवळपास असतो. फरक असतो तो धुराचा, सूक्ष्म धुळीचा, आवाजाचा आणि तापमानाचा. झाडांची सावली आणि पानांतून बाहेर पडणारी वाफ यांमुळे रान थंड राहते. जपानमध्ये 1982 पासून 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, या नावाने रानात फिरण्याचा प्रसार झाला. त्यावरच्या छोट्या अभ्यासांत रक्तदाब आणि ताणाचे संप्रेरक थोडे उतरल्याचे दिसले. एवढे पुरेसे आहे. त्यासाठी ऑक्सिजनची लोणकढी थाप कशाला?

आता चढाकडे वळू. सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचा मुख्य शत्रू हवा असते. वेग दुप्पट केला, तर हवेचा रोध चौपट होतो. अंगावर येणारा हा वारा दमवतो, पण घामही सुकवतो. चढावर चित्र पालटते. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले आणि रस्ता शंभर मीटरला चार मीटर चढणारा असला, तर ताशी बारा किलोमीटर वेगासाठीही केवळ वजन वर नेण्यात शंभर वॅटच्या आसपास शक्ती खर्च होते. मानवी स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामात आणतात. उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे शंभर वॅटच्या कामामागे तीनशे ते चारशे वॅट उष्णता अंगात तयार होते. ती बाहेर टाकायला तासाला अर्धा लिटर घाम नुसता यावा लागत नाही, तर वाळावा लागतो. आणि नेमका तेव्हाच वेग कमी झाल्याने वारा पडलेला असतो. सपाटीवर ताजातवाना वाटणारा माणूस छोट्याशा चढावर अचानक घेरीला येतो, त्याचे कारण बहुधा हेच.

भंडाऱ्यात यात दमट हवेची भर पडते. तलाव आणि भातशेतीचा हा जिल्हा. ऑगस्ट-सप्टेंबरात बांध्या भरलेल्या असताना हवेत इतके बाष्प असते, की घाम निथळतो, पण वाळत नाही. निथळलेला घाम अंग थंड करत नाही, फक्त शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हाचा धोका सर्वांना कळतो. पावसाळ्याच्या उघडिपीतला कळत नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. त्या काळात अंतर हळूहळू वाढवायचे, तहान लागेल तसे पाणी प्यायचे आणि लांब फेरीत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी बरोबर ठेवायचे. तहान नसताना बाटल्यामागून बाटल्या नुसते पाणी रिचवणेही बरे नाही. त्याने रक्तातील सोडियम उतरून चक्कर, उलटी, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि लांब फेरीच्या दिवशी मात्रा किती घ्यायची हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

इथवरचे सर्व पुण्या-नाशिकच्या सायकलस्वारालाही लागू आहे. पूर्व विदर्भाला त्यापलीकडचा एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो सायकलच्या दुकानात किंवा व्यायामशाळेत सहसा कोणी विचारत नाही: सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचा आपला लेख 'लॅन्सेट'मध्ये 1958 साली प्रसिद्ध केला. त्यानंतर नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा या आनुवंशिक आजारासाठी वैद्यकीय जगात ओळखला जाऊ लागला. आई आणि वडील दोघांकडून दोषयुक्त जनुक आले, तर मूल 'एसएस' म्हणजे रुग्ण असते. त्याच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला, की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. एकाच पालकाकडून जनुक आले तर ती व्यक्ती 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणूनच त्याला स्वतःला ठाऊक नसते. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सुरू केलेल्या राष्ट्रीय अभियानाचे उद्दिष्ट 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आहे.

वाहकाने सायकल चालवावी का? चालवावी. पण शास्त्राने या उत्तरापर्यंत येताना एक मोठे वळण घेतले आहे. अमेरिकी सैन्यातील नवशिक्या जवानांवरच्या 1987 च्या अभ्यासात वाहकांमध्ये कठोर श्रमाच्या वेळी अचानक मृत्यूचा धोका इतरांच्या कितीतरी पट आढळला होता. त्या धक्क्यानंतर सैन्याने सर्वांसाठीच नियम आखले: उन्हाची सवय हळूहळू करायची, पाणी आणि विश्रांती वेळेवर द्यायची, त्रास दिसताच थांबवायचे. 2016 साली जवळपास 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला, तेव्हा वाहकांचा मृत्युदर इतरांपेक्षा जास्त दिसला नाही. अतिश्रमाने स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका मात्र त्यांच्यात 54 टक्क्यांनी जास्त निघाला. वाहकांना कामावरून दूर न ठेवता, सर्वांना सांभाळणारे नियम पाळल्यानंतरचे हे आकडे आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कोका टेकडीच्या पायथ्याशी याचा अर्थ असा, की वाहक असलेल्या मुलाला गटातून वगळू नये. त्याच्याशी शर्यतही लावू नये. पहिल्याच दिवशी चढावर जीव काढून सायकल दामटणे, ताप किंवा जुलाबातून उठल्यावर लगेच लांब फेरी मारणे, भर दुपारी निघणे, हे त्याने टाळावे. मांड्यांत अचानक अशक्तपणा आला, कंबर किंवा पाय दुखू लागले, लघवी गडद तपकिरी झाली, तर 'थोडे ताणले की जाईल' असे म्हणत पुढे जाणे धोक्याचे. अशा वेळी सावलीत थांबवून, पाणी देऊन थेट रुग्णालय गाठावे. 'एसएस' रुग्णांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि अगदी सौम्य वेगाने सायकल चालवावी. थंडीतली पहाटही त्यांच्या वेदनांना निमंत्रण देऊ शकते. शहरांत आता सायकलच्या स्पर्धा, 'शंभर किलोमीटर' राइड भरतात. पूर्व विदर्भातल्या अशा प्रत्येक स्पर्धेच्या नावनोंदणीच्या कागदावर रक्तगटाबरोबर सिकलसेल तपासणीचा रकाना असायला हवा. तो भरणाऱ्याला नाकारण्यासाठी नव्हे, तर मार्गावरच्या वैद्यकीय पथकाला ठाऊक असावे म्हणून. आणि तो गोपनीय राहायला हवा. लग्नाच्या बाजारात या माहितीचे काय होते, हे या भागात कोणाला सांगण्याची गरज नाही.

रानाचेही काही नियम आहेत. कोका अभयारण्य 2013 साली घोषित झाले. नव्वदहून अधिक चौरस किलोमीटरचा हा टापू आता नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अभयारण्याच्या आतील वाटा सायकलसाठी मोकळ्या नाहीत, असेच धरून चालावे. प्रवेशद्वारावरचा वनरक्षक सांगेल ते अंतिम. बाहेरच्या रस्त्यावरही प्राणी येतात. येथे सायकलचा गुणच दोष ठरतो, कारण ती वेगाने जाते आणि आवाज करत नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात 2016 साली उतारावरून वेगाने येणारा सायकलस्वार वळणावर थेट अस्वलावर आदळला आणि अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला. चौकशी करणाऱ्यांनी वेग, कमी दृष्टिपथ आणि शांतता यांवर बोट ठेवले. आपल्याकडचे अस्वलही दचकले, की पळण्याआधी हल्ला करते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला बायामाणसे झाडाखाली असतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलेही येतात. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय जंगलपट्ट्यात शिरू नये, वळणांवर घंटी वाजवावी, एकट्याने जाऊ नये. कानात गाणी लावून रानातून जाण्याची फॅशन तर तिथल्या तिथे सोडून द्यावी.

तरी या फेरीतील सर्वांत धोकादायक भाग जंगलात नाही. तो पुलापासून महामार्ग सोडेपर्यंतच्या तुकड्यात आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारी अवजड वाहने, रेतीचे टिप्पर, कडेला थांबलेले ट्रक आणि या सर्वांच्या मधून सायकल. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसे मरण पावली. टक्कर किती जीवघेणी ठरते ते वेगाच्या वर्गावर अवलंबून असते: ताशी 40 ऐवजी 80 किलोमीटर वेगाने येणारा ट्रक चौपट ऊर्जा घेऊन येतो. त्यापुढे हेल्मेट तोकडे पडते. ते जरूर घालावे, कारण सायकल घसरून पडल्यावर डोके वाचते. पण टिप्परची धडक ते थोपवू शकत नाही. ते काम रस्त्याला करावे लागते.

जुन्या पिढीला आठवेल, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडून देत. बिल्ला गेला ते बरे झाले. दिवा मात्र जायला नको होता. पहाटेच्या धुक्यात मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा हवाच. अंगावरच्या चमकत्या जाकिटापेक्षाही घोट्यावर आणि गुडघ्यावर बांधलेली चकाकती पट्टी चालकाच्या नजरेत लवकर भरते, कारण वर-खाली होणारी ती हालचाल पाहताच 'हा माणूस आहे' हे मेंदूला कळते. खर्च शे-दीडशे रुपयांचा.

हौशी सायकलस्वार हेल्मेट घेईल, दिवा लावेल, सोयीची वेळ निवडेल. पण त्याच रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या सायकली वेगळ्याच आहेत. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर शाळेला निघालेल्या मुली, हँडलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवलेला दूधवाला, तलावावरून मासळी घेऊन बाजाराला निघालेला ढीवर, मजुरीला शहरात येणारा माणूस. ब्रिटनमधील सुमारे दोन लाख 63 हजार लोकांच्या 2017 सालच्या अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण मोटार किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा 41 टक्क्यांनी कमी दिसले. हा केवळ संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. निरोगी माणसे मुळातच सायकल निवडतात असेही असेल. तरी इतकी मोठी तफावत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. आपल्याकडे हा लाभ आधीपासून ज्यांच्या पायांत आहे, तेच दुचाकी कधी घेता येईल याची वाट पाहत आहेत. कारण गरिबी नव्हे, तर भीती हे असेल, तर तो रस्त्याचा दोष आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्यापुढे मांडण्यासारख्या गोष्टी फार महाग नाहीत. कारधा परिसरात सेवारस्त्यावर आणि पुलाच्या कडेला सायकलसाठी रंगवलेला, खांबांनी वेगळा केलेला पट्टा. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेत अवजड वाहनांच्या वेगाला लगाम आणि कडेला ट्रक उभा करायला मनाई. जंगलाकडे वळणाऱ्या फाट्यावर गतिरोधक आणि दिवा. हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी सकाळी सात ते नऊ खांब तलावाभोवतीचा रस्ता मोटारींना बंद. त्या दोन तासांत आरोग्य विभागाने तलावाकाठी एक टेबल टाकून रक्तदाब, साखर आणि सिकलसेलची तपासणी ठेवली, तर सायकल चालवायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांना ती आयुष्यात पहिल्यांदाच करून मिळेल. डिसेंबरात भंडाऱ्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सातला टेबल मांडायला हरकत नसावी.